एकशे बारा नंबरची रुसूबाई

मामा : ताई, आता पुरे. चौथा थेंब आहे हा. आयोडीन संपेल, पण ते काळं व्हायचं थांबणार नाही.

डावरी : काळं झालं हे तुम्हाला तिकडे सिंकपाशी बसून कसं कळलं?

मामा : तुमच्या तोंडावरून. चार वेळा मायक्रोस्कोपातून मान वर काढलीत, चारही वेळा तोंड तेच.

डावरी : आयोडीन जुनं असेल.

मामा : सोमवारी बनवलंय. बटाट्याच्या फोडीवर टाकून बघितलं, झटक्यात काळंनिळं झालं. बाटलीवर तारीख आहे.

डावरी : मग मीच जुनी झाले असेन.

मामा : अठ्ठाविसाव्या वर्षी? मग मला काचेच्या कपाटात ठेवा, खाली नावाची पट्टी लावा.

डावरी : मामा, आज थट्टा नको हो.

मामा : बरं, नाही करत. मग काय झालंय ते मोठ्यानं सांगा. चूक मनातल्या मनात सापडत नाही. मोठ्यानं बोललं की ती कंटाळून आपली आपण बाहेर येते.

डावरी : तुम्हाला सगळं माहीत आहे.

मामा : सत्तावीस वर्षं या प्रयोगशाळेत नळ्या धुतोय म्हटल्यावर माहीत असणारच. तरी सांगा. मी बाटल्या पुसतो, तुम्ही बोला.

डावरी : ठीक आहे. एकतीस वर्षांपूर्वी मॅडमनी चिमूटभर मातीतून एक शेवाळ वेगळं काढलं. नळी नंबर एकशे बारा. एका पेशीचं, गोल, हिरवट. मातीत अशी गोल हिरवी शेवाळं पन्नास सापडतात आणि सगळी एकमेकांच्या बहिणी वाटतात. पण ही त्यांच्या घरातली नाही. ही पिवळ्या-हिरव्या शेवाळांच्या कुळातली. हिरवी शेवाळं अन्न साठवतात ते स्टार्च करून, बटाट्यासारखं. ही साठवते तेल. त्यामुळे आयोडीन टाकलं की हिरव्यांच्या पोटात काळे ठिपके दिसतात, हिच्या दिसत नाहीत. मॅडमनी तिला नवी जात म्हणून नाव दिलं. जिवंत अशी ती जगात फक्त इथे आहे, या रॅकमध्ये.

मामा : आणि आज तिच्या पोटात काळे ठिपके.

डावरी : चार वेळा.

मामा : चुकून दुसरी नळी घेतली असेल.

डावरी : एकशे बाराच्या तिन्ही नळ्या बघितल्या. तिन्ही काळ्या.

मामा : आणि हे आजच का बघावंसं वाटलं? पाच वर्षं ही नळी तुमच्या हातात आहे.

डावरी : चौदा नंबरच्या फोटोसाठी. ‘स्टार्च नाही’ असं दाखवणारा फोटो. मी मॅडमचा जुनाच लावणार होते. काल त्या म्हणाल्या, अगं डावरे, प्रबंध तुझा आणि फोटो माझा, शोभतं का? एक नवा काढ, दहा मिनिटांचं काम आहे.

मामा : झाली दहा मिनिटं.

डावरी : सकाळी साडेनऊला बसले होते. आता पावणेतीन.

मामा : आणि मॅडम चारला सह्या करायला येणार.

डावरी : चार प्रती बांधून तयार आहेत. चौदा नंबरच्या चौकटीत फोटो डकवायचा, मॅडमची सही घ्यायची, परवा जमा करायचं. परवाच शेवटची तारीख. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली.

मामा : पूर्वी कधीच आयोडीन टाकून बघितलं नव्हतं?

डावरी : नळीवर मॅडमचा नंबर होता, मामा. आपली आई आपलीच आहे का, असं कोणी रोज उठून तपासतं का?

मामा : तेही खरं.

डावरी : एक विचारू? रागावू नका.

मामा : विचारा. तासभर तुमच्या ओठांवर आलंय आणि तुम्ही गिळताय.

डावरी : दर दोन महिन्यांनी या नळ्यांतलं शेवाळ नव्या नळ्यांत घालायचं काम मी यायच्या आधी तुम्हीच करत होतात. मी आल्यावरही निम्म्या रॅका तुमच्याच. कधी गडबडीत, डोळ्यांनी नीट दिसत नसताना, एकशे बारामध्ये दुसरं काही...

मामा : गेलं असेल का, असं ना?

डावरी : मी आरोप करत नाहीये.

मामा : नळ्या माझ्या हातातल्या, तेव्हा पहिलं बोट माझ्याकडे वळणार. थांबा, वही आणतो.

डावरी : कुठली वही? रजिस्टर इथेच आहे.

मामा : रजिस्टर मॅडमचं आणि तुमचं. त्यात इंग्रजी नावं. ती लांबलचक नावं माझ्या जिभेवर कधी बसली नाहीत, म्हणून मी आपली वेगळी वही ठेवली. ही दहावी. आधीच्या नऊ वर माळ्यावर आहेत.

डावरी : पाच वर्षांत मला माहीतसुद्धा नाही.

मामा : तुम्ही विचारलं नाहीत. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं आणि मिरवण्यासारखंही. हे बघा.

डावरी : ‘केसाळ, सहा दिवस. भिंतचढी, नऊ दिवस, यंदा झाकणापर्यंत गेली. चिकटगुंडी, अकरा दिवस, वास तोच. पाटलीण...’ पाटलीण कोण?

मामा : सत्तेचाळीस नंबर. ज्या नळीत टाकाल तिथे सगळी जागा आपलीच समजते.

डावरी : हे दिवस म्हणजे नव्या नळीत घातल्यापासून हिरवं दिसेपर्यंत?

मामा : हो. रोज सकाळी आल्यावर दिवे लावतो तेव्हा रॅका बघतो. कोण उठलं, कोण झोपलंय. आपल्याला काय, शाळेत हजेरी घेतात तसं. रंग, वाढ, वास, चिकट की कोरडी, एवढंच लिहितो.

डावरी : मामा, याला वर्गीकरण म्हणतात. मी पाच वर्षं तेच करतेय.

मामा : तुम्हाला त्याची पदवी मिळते, मला वही मिळते.

डावरी : एकशे बाराला काय नाव दिलंय?

मामा : रुसूबाई. नव्या नळीत घातल्या की दहा-बारा दिवसांत सगळ्या उठतात, ही पंचवीस-सव्वीस दिवस तोंड उघडत नाही. प्रत्येक वेळी वाटतं, मेली. आणि मग एके दिवशी सकाळी पिवळसर पुटकुळी दिसते. दर वेळी तसंच.

डावरी : पंचवीस दिवस?

मामा : आधीच्या वह्यांतही तेच. चोवीसच्या खाली कधी नाही.

डावरी : माझ्या प्रबंधात एकशे बारा आठ दिवसांत वाढते.

मामा : माहीत आहे.

डावरी : मी तिसऱ्या प्रकरणात लिहिलंय की वाढीच्या माध्यमात मी क्षारांचं प्रमाण बदललं म्हणून ती लवकर वाढते. दोन पानं लिहिलीत त्यावर. मॅडम खूश झाल्या होत्या. तो लेख छापूनही आला.

मामा : पेढ्याऐवजी बिस्किटं वाटलीत तुम्ही. माझ्या लक्षात आहे.

डावरी : तिचं शास्त्रीय नाव ‘टार्डा’ आहे, मामा. मॅडमनी ठेवलेलं. त्याचा अर्थ काय, माहीत आहे? मंद. सावकाश. नावातच लिहिलं होतं. पाच वर्षं मी ते नाव रोज लिहिलं.

मामा : पाणी प्या आधी.

डावरी : नको. वहीत बघा, ती आठ दिवसांवर कधी आली?

मामा : मला बघायला नको. हे पान. सतरा तारीख. तुम्ही रुजू होऊन दीड महिना झाला होता. वाचा.

डावरी : ‘दुपारी फोन. नातू झाला. एकशे बारा आणि एकशे तेरा उघड्या ठेवून धावलो. ताईंनी झाकणं लावली. चूक माझी, दोन नळ्या एकदम उघडायच्या नसतात.’

मामा : आता पुढच्या महिन्याचं.

डावरी : ‘रुसूबाई आठ दिवसांत उठली. शेजारची एकशे तेरा, उतावळी, उठली नाही. दोघींनी घरं बदलली की काय? ताईंना सांगितलं. ताई म्हणाल्या...’

मामा : वाचा, वाचा.

डावरी : ‘ताई म्हणाल्या, मामा, एकपेशीय जीव घरं बदलत नाहीत.’

मामा : हसून म्हणाला होतात. मीही हसलो. तुम्ही शिकलेल्या, मी सातवी. म्हटलं असेल बुवा, नवं क्षारपाणी लागू पडलं असेल.

डावरी : पण झाकणं बदलतील कशी? दोनच तर नळ्या होत्या.

मामा : त्या दिवशी माझी करंगळी सुजली होती. एरवी झाकण करंगळीत धरतात. मी तबकात ठेवलं, स्पिरिटनं पुसलेल्या त्या स्टीलच्या तबकात. माझी सवय, झाकण नळीच्या उजव्या अंगाला ठेवायचं. आता तुम्ही सांगा, तुम्ही कुठल्या अंगाला ठेवता?

डावरी : डाव्या. डावखुरी ना मी.

मामा : एकशे बारा, तिच्या उजवीकडे तिचं झाकण. मग एकशे तेरा, तिच्या उजवीकडे तिचं झाकण. तुम्ही आलात, बसलात, एकशे तेरा उचललीत...

डावरी : आणि तिच्या डावीकडचं झाकण लावलं. ते एकशे बाराचं. उरलेलं दुसरीला.

मामा : नंबर नळीवर असता तर लगेच कळलं असतं. पण आपल्याकडे नंबर झाकणावर. आणि पुढच्या तिन्ही नळ्या त्या एकीतूनच भरल्या.

डावरी : म्हणजे माझं चौथं प्रकरण, पाचवं प्रकरण, वाळवून ठेवलेले एकशे ऐंशी नमुने, दर आठवड्याची मोजणी, हे सगळं उतावळीचं. मी पाच वर्षं उतावळीवर काम केलं आणि नाव रुसूबाईचं लिहिलं.

मामा : उतावळीही शेवाळच आहे की.

डावरी : ती कुठेही सापडते, मामा. कुंडीत सापडते. बाहेरच्या पायरीवर सापडते. ती वाळून जगते हे शंभर जणांनी लिहून ठेवलंय.

मामा : हं.

डावरी : थांबा. म्हणजे रुसूबाई एकशे तेरामध्ये आहे. एकशे तेराच्या झाकणाखाली. ती नळी काढा, मामा. मग निदान...

मामा : ताई.

डावरी : काय?

मामा : एकशे तेरा दोन वर्षांपूर्वी काढून टाकली.

डावरी : कोणी?

मामा : पुढची पानं उलटू नका.

डावरी : ‘एकशे तेरा ताईंनी कुकरमध्ये घालायला दिली. म्हणाल्या, पिवळी पडलीय, वाढत नाही, मेल्यातच जमा, जागा अडवते. तिन्ही नळ्या उकडल्या. धुतल्या.’

मामा : सांगत होतो उलटू नका.

डावरी : पिवळी पडली नव्हती ती. ती पिवळीच असते. मी पिवळ्या-हिरव्या कुळावर प्रबंध लिहिणारी मुलगी, आणि पिवळी पडली म्हणून मीच ती...

मामा : रडा थोडं. मी दार लोटून घेतो.

डावरी : रडायलासुद्धा कंटाळा आलाय. किती वाजले?

मामा : सव्वातीन.

डावरी : मॅडमचा जुना फोटो आहे माझ्याकडे. तोच डकवते.

मामा : हं.

डावरी : हं काय? तो खोटा नाही. तो खऱ्या एकशे बाराचाच आहे. आणि कळणार कोणाला? जगात ही जात बघून ओळखणारे किती असतील? सात. त्यातले दोन वारले, एकाला दिसत नाही.

मामा : आणि एक चारला येणार आहेत.

डावरी : त्यांनीही पाच वर्षांत ओळखलं नाही ना? बावीस दिवसांनी त्या निवृत्त होतायत. त्यांच्या आयुष्यात स्वतः शोधलेली अशी एकच जात आहे. ती आम्ही मारली असं त्यांना आत्ता सांगायचं? कशाला? कोणाचं भलं होणार आहे?

मामा : मी कुठे सांगा म्हणतोय?

डावरी : मग काय म्हणताय?

मामा : काही नाही. सांगायचंच झालं तर माझ्यावर घाला, एवढंच. नळ्या उघड्या मी टाकल्या. वहीत तसं लिहिलंही आहे. मला कोण काय करणार? कान पिळून घ्यायचं वयही राहिलं नाही माझं.

डावरी : आणि कुकरमध्ये घालायला दिली तेही तुम्हीच का?

मामा : कुकर तर मीच लावला.

डावरी : नका हो असं बोलू. त्यानं आणखी त्रास होतो. सकाळी मी काय विचार करत होते सांगू? साडेदहापासून मी मनात वाक्यं जुळवत होते, मॅडमना कसं सांगायचं की मामांचं वय झालंय, त्यांच्याकडून नळ्या काढून घ्या.

मामा : मग जुळलं का वाक्य?

डावरी : जुळलं होतं. चांगलं सभ्य वाक्य होतं.

मामा : जपून ठेवा. एक ना एक दिवस लागेलच.

डावरी : फोटो डकवू का, मामा? खरं सांगा. तुम्ही माझ्या जागी असतात तर?

मामा : तुमच्या जागी मी कसा असणार? मला एवढंच ठाऊक आहे की वहीत मी उद्या सकाळी काहीतरी लिहिणार. रोजच लिहितो. पावलं वाजतायत. गुडघ्याचा आवाज ओळखीचा आहे.

(मॅडम येतात. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात शाईचं पेन.)

मॅडम : हा जिना माझ्या निवृत्तीनंतर पाडणार आहेत म्हणे. एकतीस वर्षं आधी का सुचलं नाही कोण जाणे. मामा, खुर्ची. डावरे, प्रती कुठे आहेत?

डावरी : या इथे.

मॅडम : बांधणी बरी झालीय. मागच्या पोराची पानं उलटी लागली होती. प्रमाणपत्राचं पान काढ. ‘सदर संशोधन माझ्या देखरेखीखाली...’ माझ्या देखरेखीखाली काय, माझ्या गुडघ्यांच्या देखरेखीखाली. ही पहिली.

डावरी : मॅडम...

मॅडम : बोल, कान रिकामे आहेत. हात कामात आहे. दुसरी दे. शाई ओली आहे, पान लगेच मिटू नकोस. फोटो झाला?

डावरी : फोटो नाही झाला.

मॅडम : का? दहा मिनिटांचं काम.

डावरी : काळी पडली.

मॅडम : काय काळी पडली?

डावरी : एकशे बारा. आयोडीननं. तिन्ही नळ्या. चार वेळा केलं. ती टार्डा नाहीये, मॅडम. एकशे तेरा आहे. जवळजवळ पाच वर्षांपासून. झाकणांची अदलाबदल झाली, मी केली. आणि खरी टार्डा एकशे तेराच्या झाकणाखाली होती, ती दोन वर्षांपूर्वी मी मेलेली समजून टाकून दिली.

मॅडम : मामा, ही काय म्हणतेय?

मामा : म्हणतायत ते बरोबर आहे. नळ्या उघड्या मी टाकून गेलो होतो.

मॅडम : सरक, मला बघू दे.

डावरी : चाळीसच्या भिंगावर आहे.

मॅडम : प्रकाश कमी कर. अजून. हं.

मामा : चहा टाकू?

मॅडम : थांबा.

डावरी : मॅडम, मी...

मॅडम : थांब म्हटलं ना. हिरवीच आहे. कडेला बघ, पेशीच्या भिंतीला लागून ती वाटीसारखी रचना. इतकी ढळढळीत. एखादा पहिल्या वर्षाचा पोरगाही सांगेल. मामा, टाका चहा.

डावरी : मी आधीच बघायला हवं होतं.

मॅडम : हो, हवं होतं. आणि मीही. तू मला आठ दिवसांत वाढलेली नळी आणून दाखवलीस तो दिवस आठवतो? तुझ्या लेखावर माझंही नाव आहे. मी स्वतः ती नळी सव्वीस-सव्वीस दिवस वाट बघून वाढवलेली. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

डावरी : खटकलं नाही?

मॅडम : खटकलं. एका संध्याकाळपुरतं. मग स्वतःला म्हटलं, काही हातांना गुण असतो. माझ्या हाताला नव्हता, हिच्या हाताला आहे. बरं वाटलं मला, काय सांगू. सगळं आयुष्य एक मंद जीव सांभाळला आणि शेवटी कोणीतरी आलं ज्याच्यापाशी तो खुशीनं वाढतो. असं वाटलं की माणूस आयोडीन टाकत नाही.

मामा : साखर घालू ना?

मॅडम : आज घाला. आणि झाकणावर नंबर लिहायचं डोकं माझं होतं. कुकरच्या वाफेनं काचेवरची शाई जायची. तेव्हा दुसरी शाई मिळत नव्हती. पुढे मिळायला लागली, पण मी पद्धत बदलली नाही. कंटाळा, दुसरं काय.

डावरी : आता काय करायचं?

मॅडम : तुला काय करायचंय?

डावरी : मला घरी जाऊन तीन दिवस झोपायचंय.

मॅडम : ते कर. त्यानंतर?

डावरी : परवा जमा नाही केलं तर नोंदणी जाते.

मॅडम : नोंदणी नव्यानं करता येते. त्रासाचं आहे, अपमानाचंही आहे, पण येते. पहिली तीन प्रकरणं... नाही, दोन. पहिली दोन उभी आहेत. एकसष्ट प्रकारची शेवाळं वेगळी काढून ओळखलीस, ते काम तुझं आहे आणि ते चोख आहे. तिसऱ्यातलं माध्यमाचं पुराण काढून टाक. चौथं-पाचवं गेलं.

डावरी : गेलं.

मॅडम : की उतावळीच्या नावानं पुन्हा लिहितेस?

डावरी : तुम्हाला उतावळी माहीत आहे?

मॅडम : मामांची वही मी दर वर्षी एकदा वाचायचे. ते जेवायला गेल्यावर. गेली पाच वर्षं राहिली, गुडघ्यांमुळे. नेमकी हीच वर्षं.

मामा : म्हणजे वहीत बोटांचे शाईचे डाग तुमचे होय? मी बायकोच्या नावानं बोटं मोडत होतो.

डावरी : मॅडम, सह्या केलेल्या दोन प्रती...

मॅडम : फाड ती पानं. माझ्यासमोर फाड. मागाहून मोह होतो.

डावरी : मला आधीच झाला होता. तुमचा जुना फोटो डकवणार होते.

मॅडम : मग का नाही डकवलास? मी तर दोन सह्या करून मोकळी झाले होते.

डावरी : माहीत नाही. तुम्ही शाई वाळू दे म्हणालात तेव्हा...  खरंच माहीत नाही.

मॅडम : राहू दे. प्रत्येक गोष्टीचं कारण लिहायला हा काही प्रबंध नाही. लेख मागे घ्यायचं पत्र मात्र आपण दोघींनी लिहायचं. उद्या. आज माझ्यात त्राण नाही. मामा, खिडकीखालच्या कपाटातला तळचा खण उघडा. अडकतो तो, जरा वर उचलून ओढा.

मामा : यात तर जुनी पाकिटं आहेत. माती.

मॅडम : तीच. तपकिरी पाकीट, पेन्सिलीनं एकशे दहा ते एकशे पंधरा लिहिलेलं.

मामा : हे. वजनच नाही याला.

मॅडम : किती आहे आत?

मामा : दोन चमचे. खडे धरून.

डावरी : ही ती माती? ज्यातून तुम्ही...

मॅडम : एका शाळेच्या मैदानाची कडा. पोरं पळायची तिथे काही उगवायचं नाही. एकतीस वर्षं कोरडी आहे. पाण्याचा थेंब लागलेला नाही. डावरे, तुझ्या पाचव्या प्रकरणाचा निष्कर्ष काय होता?

डावरी : की टार्डा कोरड्या मातीत दीर्घकाळ तग धरते. पण तो निष्कर्ष चुकीच्या...

मॅडम : शेवाळ चुकीचं होतं. निष्कर्ष बरोबर की चूक, ते अजून कोणालाच माहीत नाही. सगळी माती वापरू नकोस. निम्मी पाकिटात ठेव.

डावरी : चतुर्थांश घेते. बाकीची नंतरच्यासाठी.

मॅडम : शहाणी आहेस. उकळून गार केलेलं पाणी आहे का, मामा?

मामा : सकाळचं आहे. चहाचं नव्हे, वेगळं ठेवलंय.

मॅडम : बशीत माती पसर, पाणी घाल. भिजेल एवढंच, तरंगेल इतकं नको.

डावरी : आधी उतावळ्या येतील. सगळी बशी हिरवी होईल.

मॅडम : येऊ देत. तू वाट बघ. हिरव्यात एक पिवळसर ठिपका शोधायचा.

मामा : मातीतून उठायचं म्हणजे दीड महिना धरा. झोपही जुनी आहे तिची.

डावरी : आणि नंबर?

मॅडम : नंबर देऊ नकोस अजून. आजची तारीख लिही. बशीच्या तळाला, काचेवर.

मामा : झाकण मी हातात धरतो, ताई. करंगळी आता बरी आहे.

डावरी : घातलं पाणी. शोषून घेतलं लगेच.

मॅडम : वास येतोय का?

डावरी : येतोय. थोडा.

मॅडम : दिव्याखाली ठेव. मामा, तुमच्या वहीत रोज एक ओळ हिची. काही दिसलं नाही तरी.

मामा : तेच तर लिहीत आलोय.

डावरी : मॅडम, तुमचे इथले बावीसच दिवस उरलेत.

मॅडम : मग मी घरी असेन. काही दिसलं की फोन कर.

डावरी : आणि दीड महिन्यानंही नाही दिसलं तर?

मॅडम : तरी कर.